कोंबडीची दोन नावं

बहरीनमध्ये कोंबडीला दोन नावं आहेत. सित्रा किंवा दिराज़ या गावांतला माणूस ‘दजाज’ म्हणतो, मुहर्रक किंवा रिफ़ामधला माणूस ‘दियाय’ म्हणतो. एकाचा शेजारी ‘जार’, दुसऱ्याचा ‘यार’. ‘तो आला’ हे एक जण ‘जा’ असं सांगतो, दुसरा ‘या’ असं. देश केवढा, तर 800 चौरस किलोमीटरही भरत नाही; सकाळी निघालं तर न्याहारीच्या वेळेला दुसऱ्या टोकाला पोचावं एवढा. तरीही तिथं जन्मलेल्या माणसानं घरच्या बोलीत दोन वाक्यं बोलली, की ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतं की हा शिया की सुन्नी. नाव विचारावं लागत नाही, मशीद विचारावी लागत नाही. ‘ज’ आणि ‘य’ ते काम करून टाकतात.

अरबी बोलींमधल्या अशा फरकांबद्दल अरब जगात आणि आपल्याकडेही एक समजूत पक्की आहे. मूळची शुद्ध भाषा एकच, कुराणाची. बाकी बोली म्हणजे अडाणीपणानं झालेली तिची मोडतोड. शिक्षण पसरलं की मोडतोड आपोआप दुरुस्त होईल. या समजुतीला माझा विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही. बहरीनमध्ये प्रत्यक्षात जे घडलं, ते या समजुतीच्या अगदी उलट आहे. शाळा शिकलेली माणसं शुद्ध अक्षराकडे गेली नाहीत. ती ताकदवान माणसांच्या अक्षराकडे गेली.

हे नीट कळायला थोडा इतिहास लागतो. ‘ज’ म्हणणारे बहारना (एकट्याला म्हणायचं ‘बहरानी’) हे बेटावरचे जुने रहिवासी. पंथानं शिया. खजुराच्या बागा, भाजीपाला, किनाऱ्यावरची मासेमारी ही त्यांची जुनी कामं. बनी जमरा गावात हातमाग, आली गावात कुंभाराची चाकं. ‘य’ म्हणणारे स्वतःला नुसतं ‘अरब’ म्हणवतात. पंथानं सुन्नी, मूळ मुख्य भूमीवरच्या टोळ्यांत. 1783 साली अल खलिफ़ा घराण्यानं बहरीन घेतलं, तेव्हा त्यांच्याबरोबर आणि त्यानंतर या टोळ्या आल्या. राज्य त्यांचं झालं आणि आजही त्याच घराण्याचं आहे. मोत्यांच्या व्यापारातली बडी घराणी, जहाजांचे मालक, यांतही अरबांचाच वरचष्मा होता. बेटावर इराणी किनाऱ्यावरून आलेले आणखी दोन समाज आहेत, सुन्नी हुवला आणि शिया अजम; त्यांची कथा वेगळी आणि तेवढीच गुंतागुंतीची, पण इथं मुख्य दोघांपुरतंच बोलतो.

तर दोन समाज, दोन बोली. फरक एकट्या ‘ज’चा नाही. इंग्रजी ‘थिन’मध्ये जो जिभेचं टोक दातांत धरून काढलेला ‘थ’ आहे, तो प्रमाण अरबीत आहे आणि अरबांच्या बोलीतही आहे. बहारना त्याचा ‘फ’ करतात. तीन या आकड्याला सुन्नी मुलगा ‘थलाथा’ म्हणेल, शिया खेड्यातली आजी ‘फलाफा’ म्हणेल. बाईशी बोलताना ‘तुझं’ दाखवायला अरबांच्या बोलीत शब्दाला ‘इच’ लागतो, बहारनांच्या बोलीत ‘इश’. काही खेड्यांत तर घशातून येणारा ‘क़’ सरळ ‘क’च्या जवळ येतो, म्हणजे ‘हृदय’ या अर्थाचा ‘क़ल्ब’ ऐकायला ‘कल्ब’ वाटतो. प्रमाण अरबीत ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा! बाहेरच्याला वाटतं, या लोकांना हृदय आणि कुत्रा यांत फरक करता येत नाही. पण त्याच खेड्यांत कुत्र्याला ‘चल्ब’ म्हणतात. घोटाळा कुठंच होत नाही. भाषेचं आतलं गणित अगदी चोख आहे. ते न शिकता बाहेरून हसणाऱ्याचंच ते चुकतं.

आता ‘फ’ पाहा. या उच्चारावर खेडवळपणाचा शिक्का बसलेला आहे. पण कुराणाच्या दुसऱ्या सूरेत, 61व्या आयतीत, मोशेच्या लोकांनी मागितलेल्या पदार्थांच्या यादीत ‘फ़ूम’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ गहू की लसूण, यावर जुन्या भाष्यकारांत वाद आहे, आणि लसूण म्हणणाऱ्यांचा आधार हाच, की ‘फ़ूम’ म्हणजे ‘थूम’, अरबीच्या काही बोलींत ‘थ’चा ‘फ’ होतोच. म्हणजे ज्या उच्चाराला आज अडाणी ठरवलं जातं, त्याची अदलाबदल हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या विद्वानांना ठाऊक होती आणि पवित्र ग्रंथाचा अर्थ लावताना ती त्यांना चालत होती. ‘इश’चंही तसंच. आठव्या शतकातल्या सीबवैहीनं, अरबी व्याकरणाच्या आद्य आचार्यानं, तमीम आणि असद टोळ्यांच्या बोलण्यात बाईला उद्देशून येणाऱ्या ‘क’च्या जागी ‘श’ येतो हे नोंदवून ठेवलं आहे. सित्रातल्या कोळणीच्या तोंडी जे आहे ते बिघडलेलं अरबी नाही, फार जुनं अरबी आहे.

क्लाइव्ह होल्स या इंग्रज अभ्यासकानं 1970च्या दशकाच्या अखेरीस बहरीनमध्ये दोन्ही समाजांच्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. ती वेळ मोक्याची होती. 1932 साली तेल लागलं होतं, 1936 साली शुद्धीकरण कारखाना सुरू झाला होता. जपानच्या संवर्धित मोत्यांनी मोत्यांचा धंदा संपवला होता. 1919 साली मुहर्रकमध्ये मुलांची पहिली सार्वजनिक शाळा निघाली, 1928 साली मुलींची. त्या शाळांतून शिकलेल्या पिढ्या आता कचेऱ्यांत बसत होत्या. 1968 साली ईसा टाउन उभं राहिलं, तिथं शिया आणि सुन्नी कुटुंबं प्रथमच मोठ्या संख्येनं एकाच वसाहतीत शेजारी आली. खेड्यातला बहरानी तरुण कारखान्यात, कचेरीत, नव्या वसाहतीत दररोज अरबांबरोबर वावरू लागला. त्याच्या बोलीचं काय झालं?

शिक्षणानं बोली सुधारते हा सिद्धांत खरा असता, तर उत्तर सोपं होतं. ‘ज’च्या बाबतीत बहारना आधीच प्रमाण अरबीच्या बाजूला आहेत. पुस्तकात ‘दजाज’ असंच लिहितात. तेव्हा शिकलेल्या बहरानीनं आपला ‘ज’ घट्ट धरायला हवा होता आणि ‘य’ म्हणणाऱ्या अरबानं हळूहळू ‘ज’कडे सरकायला हवं होतं. तसं झालं नाही. शिकलेला बहरानी अरबांशी बोलताना ‘य’ म्हणू लागला. घरी ‘दजाज’, बाहेर ‘दियाय’. वर्गात गुरुजींनी शिकवलेलं बरोबर अक्षर त्याच्या आईच्याच तोंडी होतं, तेच त्यानं बाहेर पडताना उंबऱ्याआड ठेवलं. अरब मात्र घरच्या शब्दांत ‘य’वरच राहिले, पुस्तकी, नवे शब्द ‘ज’नं म्हणायचे एवढंच. बहारनांच्या ‘ज’कडे ते गेले नाहीत.

या एका गोष्टीत मला सगळा विषय दिसतो. प्रमाण भाषा आणि प्रतिष्ठेची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुहम्मद हसन इब्राहिम या अरब भाषाभ्यासकानं 1986 साली हे स्पष्टपणे मांडलं, तोपर्यंत पाश्चात्त्य अभ्यासकांची या बाबतीत बरीच गल्लत होत होती. इंग्रजीत बायका प्रमाण रूपं जास्त वापरतात, अरबीत पुरुष प्रमाण ‘क़’ जास्त वापरतात, मग अरब बायका उलट्या का वागतात, असा प्रश्न ते विचारत. बायका उलट्या वागत नव्हत्याच. त्यांनाही प्रतिष्ठेचंच रूप हवं होतं. फक्त ते रूप पुस्तकातलं नव्हतं, शहरातलं होतं.

जॉर्डनची राजधानी अम्मान याचं दुसरं उदाहरण आहे, आणि तिथं बोलीला लिंगभेदानं वळण दिलं. अम्मानमध्ये कॉफीला, म्हणजे प्रमाण अरबीतल्या ‘क़हवा’ला, जॉर्डनी मूळचा माणूस ‘गहवे’ म्हणतो, नाब्लुस किंवा जेरुसलेमसारख्या पॅलेस्टिनी शहरांतून आलेला ‘अहवे’ म्हणतो. 1948 आणि 1967च्या युद्धांनंतर निर्वासितांच्या लाटा आल्या. पॅलेस्टिनी शहरी बोलीला नागरपणाचा मान होता, बायकांनी ‘अ’ उचलला, जॉर्डनी घरांतल्या मुलींनीही. मग 1970 साली राजाचं सैन्य आणि पॅलेस्टिनी संघटना यांच्यात रक्तपात झाला. सैन्य जिंकलं. त्यानंतर सरकारी नोकऱ्या, पोलीस, लष्कर ही सगळी जॉर्डनी मूळच्या लोकांची क्षेत्रं झाली आणि ‘ग’ हा सत्तेचा आणि मर्दपणाचा उच्चार ठरला. मग पॅलेस्टिनी घरातला मुलगा आईशी ‘अ’ बोलतो आणि शाळेच्या फाटकापाशी मित्रांत ‘ग’ बोलतो. बहीण सगळीकडे ‘अ’च बोलते. एनाम अल-वेर या जॉर्डनच्याच विदुषीनं हे सारं अनेक वर्षं खपून नोंदवलं. व्याकरणाच्या पुस्तकातला ‘क़’ या झटापटीत कुठंच नाही. एका अक्षराचा भाव कोणत्या घटनेनंतर बदलला, याचं साल सांगता येतं, आणि ती घटना शैक्षणिक धोरण नाही, यादवी आहे.

म्हणून कोणी सहजपणे म्हणतं की बोली काळाप्रमाणे बदलतात, त्यात काय एवढं, तेव्हा मला ते अपुरं वाटतं. बदलतात हे खरंच. पण कोण बदलतं? बहरीनमध्ये सरकण्याचं ओझं सारं एकाच बाजूवर पडलं. बहरानी माणसाला दोन बोली याव्या लागतात, शिवाय वाचायला प्रमाण अरबी. अरबाला स्वतःची एक आणि प्रमाण अरबी पुरते. ज्याला दोन येतात त्याच्या बुद्धीचं कौतुक करावं हे ठीक, पण त्याला दोन का शिकाव्या लागल्या हे विचारलं पाहिजे. त्यानं हौसेनं शिकल्या नाहीत. ‘ज’ ऐकताच समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं, ते त्यानं लहानपणी पाहिलं होतं.

मराठी वाचकाला हे परकं वाटणार नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात पहिल्या दिवशी जे हसणं ऐकू येतं, त्याचा ‘ण’च्या व्याकरणाशी संबंध नसतो, हे आपण जाणतो.

बहरीनशी आपलं नातंही काही दूरचं नाही. 1873पर्यंत आखातातल्या ब्रिटिश कारभाराचे धागे मुंबई सरकारच्या हाती होते. बहरीनचे मोती मुंबईच्या बाजारात येत, तिथल्या मोती व्यापाऱ्यांची मुंबईला पेढ्या-घरं असत. 1965 साली दिनार येईपर्यंत बहरीनमध्ये रुपया चालायचा. दहा रुपयांचा एक दिनार झाला आणि दिनाराचे हजार फ़िल्स, म्हणून आजही तिथं 100 फ़िल्सना ‘रुब्बिया’ म्हणतात. पंख्याला ‘बानका’, शेगडीला ‘चूला’, बटाट्याला ‘आलू’, सरळ जायला ‘सीदा’. हे शब्द शिया घरात आहेत तसे सुन्नी घरातही आहेत. त्यावरून कोणाला हसत नाहीत. परक्या देशातला शब्द दोघांनाही चालतो, आणि शेजारच्या गावातला ‘ज’ तेवढा खटकतो! भाषेची शुद्धता हा खरोखर प्रश्न असता, तर आधी ‘आलू’ खटकला असता.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला राष्ट्रीय ऐक्याचा. आधीच पंथावरून ताणलेल्या देशात पंथाची बोली जपा म्हणणं म्हणजे आगीत तेल, त्यापेक्षा सगळ्यांची एकच आखाती बोली होऊ द्या. ऐकायला हे समजूतदार वाटतं. पण बहरीनच्याच इतिहासात याला उत्तर आहे. 1953 आणि 1954 साली शिया-सुन्नी दंगली झाल्या. त्यातून शहाणपण घेऊन ऑक्टोबर 1954मध्ये एक समिती स्थापन झाली, चार सुन्नी आणि चार शिया असे आठ जण. निवडून आलेलं कायदेमंडळ, कामगार संघटना बांधण्याचा हक्क अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्या आठांच्या घरांत एक बोली नव्हती. तरी दोन वर्षं त्यांनी बेट एकत्र ठेवलं. 1956 साली ती चळवळ मोडली गेली, तिचे तीन नेते तर थेट सेंट हेलेना बेटावर कैदेत पाठवले गेले. फूट ‘ज’ आणि ‘य’नं पाडलेली नव्हती. एकी हवी असेल तर माणसांना बरोबरीनं बसवावं लागतं. बरोबरीनं बसली की दोन उच्चार एका बाकावर मावतात.

आणि बरोबरीचं काय? फेब्रुवारी 2011मध्ये राजधानी मनामातल्या मोत्याच्या चौकात लोक राजकीय सुधारणा मागायला जमले, मार्चमध्ये चिरडले गेले, चौकातलं स्मारकसुद्धा पाडलं गेलं. त्यानंतर राजानंच नेमलेल्या बसिऊनी आयोगानं नोव्हेंबर 2011च्या अहवालात शिफारस केली, की देशातल्या सर्व समाजांची माणसं सुरक्षा दलांत सामावून घ्यावीत. अशी शिफारस करावी लागते, यातच परिस्थिती कळते. गणवेशातल्या माणसाच्या तोंडून ज्या देशात ‘ज’ क्वचितच ऐकू येतो, त्या देशात तरुण ‘य’ का उचलतात, यावर फार मोठं संशोधन करायची गरज नाही.

दुसरा आक्षेप प्रमाण अरबीच्या बाजूनं येतो, आणि त्याबद्दल मला आदर आहे. मोरोक्कोपासून ओमानपर्यंत 20हून अधिक देशांना एक लिखित भाषा जोडते, हे वैभव आहे. वसाहतकाळात काही युरोपीय अधिकाऱ्यांनी बोलींचा पुरस्कार केला तो ही जोडणी तोडण्यासाठी, असा संशय अरबांना आला, त्याला कारणं होती. म्हणून बोलीचं नाव काढलं की सुशिक्षित अरब सावध होतो. पण मी प्रमाण अरबीच्या जागी बोली बसवा असं म्हणत नाही. वर्तमानपत्र, न्यायालय, पाठ्यपुस्तक प्रमाण अरबीतच असो. 1959 साली चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकी भाषाभ्यासकानं अरबीतल्या या दोन मजल्यांचं वर्णन केलं: वर लिखित भाषा, खाली बोलायची. खालच्या मजल्यावर मात्र एकच दालन आहे असं धरून चालण्यात खरी चूक आहे. तिथं अनेक दालनं आहेत, आणि त्यांच्यात मालक-भाडेकरूचं नातं आहे. प्रमाण अरबीचा गौरव करणारे त्या नात्याबद्दल गप्प राहतात. ‘य’ हासुद्धा प्रमाण अरबीच्या हिशेबानं चूकच आहे ना? मग ती चूक सन्मानाची आणि ‘फ’ तेवढा हसण्यासारखा, हा निवाडा कोणत्या व्याकरणानं दिला?

बोली नुसती टीका होऊन मरत नाही, बोलणारी माणसं उठून गेली की मरते. बगदादचं उदाहरण जिवाला लागणारं आहे. हाइम ब्लँक या भाषाभ्यासकानं 1964 साली दाखवून दिलं, की बगदादमध्ये मुसलमान ‘मी म्हणालो’ला ‘गिलित’ म्हणत आणि शहरातले यहुदी नि ख्रिस्ती ‘क़ेल्तु’. ‘क़ेल्तु’ ही जुन्या बगदादची वाणी. ‘गिलित’ नंतर वाळवंटाकडून आली. एकाच गल्लीत दोन्ही शेकडो वर्षं नांदल्या. 1950-51 या दोनच वर्षांत इराकमधले लाखाहून अधिक यहुदी इस्राएलला गेले. तिथं त्यांची मुलं हिब्रू शिकली आणि नातवंडांना आजीची अरबी कळेना. आज ती बोली म्हाताऱ्या तोंडांत उरली आहे. तिला कोणी अशुद्ध ठरवून मारलं नाही. तिच्या माणसांना गाव राहिलं नाही.

बहरीनमध्ये गावं अजून आहेत. म्हणून मागणीही करता येते. शाळेत मूल ‘फलाफा’ म्हणालं, तर गुरुजींनी प्रमाण ‘थलाथा’ जरूर शिकवावं, आणि त्याच तासाला ‘फ़ूम’ची आयत काढून मुलाला सांगावं की तुझ्या आजीचा उच्चार कुठवर जातो. सरकारी दूरचित्रवाणीवर शेतकी सल्ला देणारा, बातमीदाराच्या माईकसमोर बोलणारा, दवाखान्यात आरोग्याची माहिती सांगणारा माणूस आपल्या गावच्या बोलीत बोलू शकला पाहिजे. परिचारिका आणि डॉक्टर यांना दोन्ही बोली समजायला शिकवाव्यात. दुखणं सांगणाऱ्या म्हातारीवर दुभाषी होण्याचं ओझं नको. आणि सुरक्षा दलांविषयीची 2011ची शिफारस ही भाषेच्या दृष्टीनंही सर्वांत महत्त्वाची शिफारस आहे, असं मी मानतो.

एक काम तर कोणत्याही फर्मानाची वाट न पाहता होण्यासारखं आहे. बनी जमरामध्ये माग अजून चालतात, आलीमध्ये चाकं अजून फिरतात. मागाच्या भागांची नावं, भट्टीच्या आचेची नावं, खजुराच्या पिकण्याच्या प्रत्येक पायरीचं नाव हे सगळं त्या खेड्यांच्या ‘ज’ आणि ‘फ’मध्येच आहे. बहरीन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला तिथं पोचायला बसचं तिकीट पुरतं. तो विद्यार्थी मुहर्रकचा, ‘य’ म्हणणाऱ्या घरातला असेल, तर फार बरं.